संगीनवाले सर

सावलीच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी इतर शिक्षकांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, भाड्यानं खोली मिळाली का ते विचारलं. सरांनी विचारलं, "म्याडम, तुमच्या घरच्या विळ्याचं पातं केवढं वाकलं आहे?"

मला सांगता येईना. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, धानाचं. विळा मी जन्मापासून पाहिलेला, हातात धरलेला. पण तो केवढा वाकलेला आहे याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. रविवारी घरी गेले तेव्हा मुद्दाम भिंतीवरचा विळा काढून कागदावर ठेवला आणि पेन्सिलीनं त्याची कड आखली. सोमवारी तो कागद सरांना दिला. घरून कुणी डबा पाठवावा तसा त्यांचा चेहरा झाला. तासाची घंटा होऊन गेली तरी ते कागद फिरवून फिरवून पाहत होते. "याच्यानं कापाले मनगट वळवा लागत नाई, पाहा," म्हणाले. "आकाराले कारण असते."

हे त्यांचं पालुपद होतं. चपलेच्या अंगठ्यापासून एसटीच्या खिडकीपर्यंत सगळ्याच्या आकाराला कारण असे आणि ते त्यांना हवं असे. पण त्यांचा खरा जीव होता जुन्या फौजी बंदुकांवर, आणि त्यातही संगिनीवर. बंदुकीच्या नळीच्या टोकाला जो लांब सुरा लावतात, तो. पोरं त्यांना पाठीमागं 'संगीनवाले सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं असं मला वाटतं.

बंदुकीच्या माणसाचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभं राहतं, तसे ते अजिबात नव्हते. ठेंगणे, बारीक, जाड भिंगांचा चष्मा. इतिहास शिकवायचे आणि शाळेची एनसीसी पाहायचे. छत्री मात्र नेहमी बाजू शस्त्र केल्यासारखी, खांद्याला टेकवून सरळ उभी. फायरिंगच्या कॅम्पात कानात कापूस कोंबून, तोंड दुसरीकडं करून उभे राहत. आवाज सहन होत नसे. रक्त पाहिलं की खाली बसत. तलावांच्या या मुलखात राहून मासळी खात नसत, कारण घरी ती कापताना दिसे. लग्न केलं नव्हतं. मोठ्या बहिणीजवळ राहत. बहिणीची एकच तक्रार होती: देवघराच्या कोपऱ्यात बंदूक ठेवतो.

ती बंदूक लाकडी होती. गावच्या सुताराकडून सागवानाची करून घेतलेली थ्री-नॉट-थ्री. कुंदा, नळी, घोडा, मागं ओढायचा बोल्ट, सगळं सुटं व्हायचं आणि पुन्हा बसायचं. वजन खऱ्याइतकं व्हावं म्हणून आत लोखंडी सळी घातलेली. खरी त्यांनी कधी घरी आणली नाही. परवाना काढा म्हटलं तर म्हणत, "मले ते चालवाची नाई. मले ते समजून घ्याची आहे."

या बंदुकीमुळं मी एकदा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहिले आहे. कुरखेड्याच्या एका शाळेत आम्हा दोघांना परीक्षेच्या कामाला बोलावलं होतं. तिथल्या पोरांना दाखवायला सरांनी बंदूक गोणपाटात गुंडाळून सोबत घेतली. गडचिरोलीच्या पुढं पुलाजवळच्या नाक्यावर एसटी थांबवली. जवान वर आला आणि सीटखालच्या गोणपाटावरून त्यानं हात फिरवला. तो हात कुंद्यापासून नळीपर्यंत गेला तसा त्याचा चेहरा बदलला. सगळी बस खाली उतरली. बायकांनी लेकरं छातीशी धरली.

सर शांत होते. हात वर करून म्हणाले, "लाकडी आहे जी. पन बोल्ट चालते."

या दुसऱ्या वाक्याची काही गरज नव्हती. आणखी दोघे जवान धावत आले. मग साहेब आले. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, माझं पाहिलं, गोणपाट उघडायला लावलं. सरांनी पुलाच्या कठड्यावर बंदूक एकेक भाग करून मांडली आणि प्रत्येक भाग कशाला आहे ते सांगायला लागले. पाच-सहा जवान भोवती जमले. त्यांच्यातला एक वयस्कर हवालदार पुढं आला. भरती झाल्यावर तो याच बंदुकीवर कवायत शिकला होता. त्यानं ती जोडली, हातात तोलली आणि भर रस्त्यात सलामी शस्त्र करून दाखवलं. एसटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबही हसले.

सरांनी तेवढ्यात एका तरुण जवानाला विचारलं, तुमच्याजवळ संगीन असते का. तो म्हणाला, जंगलात तिचं काय काम, त्या वजनात पाणी जास्त नेतो.

पुन्हा बस सुटली आणि पोर्ल्याच्या पुढं कुठंतरी सर सांगायला लागले. पूर्वी पायदळाची बंदूक लांब असायची आणि घोडेस्वाराची आखूड. मग दोघांना मिळून एकच आखूड बंदूक द्यायचं ठरलं. तेव्हा सगळ्यांना भीती वाटली की समोरच्याची बंदूक लांब राहिली तर त्याची संगीन आपल्याला आधी लागेल. म्हणून बंदूक जेवढी आखूड झाली तेवढी संगीन लांब केली. पाहा म्याडम, ते म्हणाले, सारा हातभर लांबीचा सुरा, आणि तो फक्त त्या एका भीतीनं लांब झाला. आणि लढाईत त्याचं काय झालं? खंदकाच्या वळणावर अडकायला लागला. शिपाई त्यानं डबे फोडत, चिखल खरवडत, ओले मोजे वाळत घालत. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आखूड केला. आणि आता हा पोरगा म्हणते, त्यापेक्षा पाणी नेतो. "भीती संपली नाई. तिचा आकार बदलला," म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

वर्गात त्यांच्या या विषयानं पोरांची नेहमी निराशा व्हायची. संगिनीच्या पात्यावर जी लांब खाच असते ती रक्त वाहून जायला असते, असं प्रत्येक पोराला कुणीतरी सांगितलेलं असे. सर एक पोस्टकार्ड घेत, आडवं धरत, ते वाकायचं. मग त्याला मधून घडी घालत. ते ताठ राहायचं. खाच वजन कमी करायला आणि पातं ताठ ठेवायला, बस. रक्ताचा काही संबंध नाही. पोरं हिरमुसत. मग सर त्यांना पात्यावरच्या फुलीची गोष्ट सांगत. कारखान्यात पातं दोन्ही बाजूंना वाकवून पाहत. परत सरळ झालं तर त्यावर फुली मारत. "तुमच्या पेपरात फुली म्हंजे चूक," सर म्हणत. "तिकडं फुली म्हंजे पास."

मला त्यांची जी गोष्ट सांगायची आहे ती सावलीच्या जवळच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही.

त्या गावाला एक जुना मालगुजारी, जमीनदारांच्या काळचा तलाव आहे. तलावावर ढिवरांची घरं. त्यातल्या सायत्राबाई सावलीच्या बाजारात मासळी घेऊन बसत. सत्तरीच्या पुढच्या, काटक, तागडी धरायला कुणाची मदत न घेणाऱ्या. त्यांचे वडील वारून पुष्कळ वर्षं झाली होती, पण गावात त्यांचं नाव अजून निघत होतं, ते चेष्टेनं. त्यांना 'संगीनबुढा' म्हणत. बेचाळीसच्या चळवळीत ते बहिणीकडं चिमूरला होते. तिथं फौज आली तेव्हा एका शिपायाचा पट्टा झाडाच्या फांदीला लटकत होता. त्यातली संगीन त्यांनी उचलली, रानातून पायी गाव गाठलं आणि भीतीनं ती तलावात फेकून दिली, असं ते सांगत. स्वातंत्र्यानंतर सांगायला लागले. कुणाचा विश्वास बसला नाही. शिपाई कधी गोरा असे, कधी काळा. झाड कधी चिंचेचं, कधी आंब्याचं. पोरं त्यांच्या मागं लागत, बुढ्या, संगीन दाखव. सगळं आयुष्य ते ऐकत गेले आणि तसेच वारले.

आणि एका उन्हाळ्यात त्या तलावाचा गाळ काढताना जेसीबीच्या दातात संगीन आली.

गावाचं तोंड एका दिवसात फिरलं. बुढा खरं बोलत होता. सरपंचांनी ठरवलं, तलावाच्या पाळेवर, बांधावर, दगड बसवायचा, त्यावर बुढ्याचं नाव, पंधरा ऑगस्टला पाहुणे बोलवायचे. चिमूरचं नाव सगळ्या देशाला माहीत, आता आपल्याही गावाचं होईल. दगड घडवायला दिलासुद्धा. सायत्राबाईंनी बाजारात त्या दिवशी मासळी तोलताना दोनदा डोळे पुसले, हे मी स्वतः पाहिलं.

आमच्या भागात जमिनीतून हत्यार निघालं की ते ठाण्यात जातं. संगीनही गेली. ठाणेदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागद करण्याआधी सरांना बोलावलं. सर गाडी चालवत नसत. मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागं बसवून नेलं, छत्रीसकट.

ठाण्यात सरपंच होते आणि सायत्राबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर ती. गंजानं फुगलेली, लाकडी मूठ कुजून गेलेली. सरांनी आधी हात लावला नाही. सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. मला वाटतं, इतकी वर्षं जिच्याविषयी बोलत होते ती त्यांच्या पुढ्यात पहिल्यांदाच एवढ्या जवळ आली होती. पातं आखूड होतं. सर म्हणाले, त्यावरून काही ठरत नाही, लांबची कापून आखूड करायला त्याच सुमारास सुरुवात झाली होती. मग त्यांनी रॉकेल मागवलं, चिंधी मागवली, जुना दात घासायचा ब्रश मागवला आणि मुठीजवळची बोटभर जागा हळूहळू स्वच्छ करायला बसले. सगळे चहा प्यायले. सरांचा चहा गार झाला.

शेवटी त्यांनी खिशातलं भिंग काढलं. पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग भिंग ठेवलं.

सरपंचांनी विचारलं, काय म्हणते सर.

सर सायत्राबाईंकडं वळले. म्हणाले, बाई, इकडं या, तुम्हीच पाहा. त्यांना खुर्चीवर बसवलं, भिंग हातात दिलं, कुठं पाहायचं ते बोटानं दाखवलं. सायत्राबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण मोबाइलवरचे आकडे त्यांना येत. बराच वेळ त्या वाकून पाहत राहिल्या.

"चार," त्या म्हणाल्या. "आनं चार."

"हे ज्या साली बनली ते साल आहे, बाई. चव्वेचाळीस."

खोलीत सगळ्यांनाच बेरीज-वजाबाकी येत होती. जी संगीन चव्वेचाळीसात घडली ती बेचाळीसात कुणी चिमूरहून आणू शकत नाही. सायत्राबाईंनी भिंग टेबलावर ठेवलं. सरपंच हळूच म्हणाले, साल कोण पाहायला बसलंय, गंजलेलंच आहे, थोडी कानस मारून टाकू. ठाणेदार खिडकीबाहेर पाहायला लागले. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवणं हे त्यांचं उत्तर होतं.

सर सायत्राबाईंशीच बोलले. "आज तुमचे वडील खरं बोलत होते का खोटं, हे कोनाले माईत नाई. ते बाकी आहे. पन त्यांच्या नावाच्या दगडाजवळ ही ठेवली, त कधीतरी कोनी भिंग घेऊन येईल. त्या दिवसापासून ते खोटे ठरतील. आनं ते आपन ठरवले असतील."

सायत्राबाई उठल्या, पदर खोचला. "नाई लावाचा दगड," म्हणाल्या आणि निघून गेल्या. पायीच गेल्या, माझ्या स्कूटीकडं त्यांनी पाहिलंही नाही.

गावाला ते फार लागलं. दगड घडवून झाला होता. तो गावच्या शाळेच्या मागं उपडा पडून राहिला. पंधरा ऑगस्टला गावाकडून सरांना कवायतीचं बोलावणं आलं नाही. चहाच्या टपरीवर ते गेले की लोकांचं बोलणं थांबे. एकानं तर तोंडावर म्हटलं, तुमचं काय जात होतं. सरांनी त्यावर खरोखर विचार केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, माझं काही जात नव्हतं.

मला वाटलं होतं, ते खचतील. पण त्यांना निराळीच बाधा झाली होती. बेचाळीसची नाही, तर मग चव्वेचाळीसची संगीन या तलावात आली कुठून? ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आलेला कुणी शिपाई या भागात होता का, हे विचारत ते सायकलीवरून गावोगाव फिरले. म्हाताऱ्यांच्या खाटांवर बसले. पोलिसांच्या जुन्या बंदुकांबरोबर आली असेल, शिकाऱ्यानं आणली असेल, भंगारवाल्याच्या गाडीतून पडली असेल. मधल्या सुट्टीत रोज एक नवा तर्क मला ऐकावा लागे आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तो मोडून टाकत. संगीन पुढं रीतसर नागपूरला सरकारजमा झाली. सर आता निवृत्त होऊन कुरखेड्याला भाच्याजवळ असतात. अजून फोन करतात आणि हालहवाल न विचारता एकदम काहीतरी विचारतात. मागच्या महिन्यात विचारलं, सुपाची एक बाजू उघडी का असते.

तर मला सांगायची होती ती दुपार त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली. सरांच्या ओसरीवर आम्ही दोघं सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. बाजाराचा दिवस होता. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन सायत्राबाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. ठाण्यातल्या त्या दिवसानंतर त्या सरांशी बोलल्या नव्हत्या. सरांच्या बहिणीनं त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या आणि जमिनीकडं पाहत सांगायला लागल्या.

त्या लहान असताना, गाव संगिनीवरून हसायला लागलं होतं तेव्हा, एकदा त्यांचे वडील कामठीला गेले होते, कुणा नातेवाइकाबरोबर हमालीला. कामठीला फौजेची छावणी. युद्ध संपल्यावर तिथलं जुनं सामान बाहेर भंगारात मिळायचं. परत आले तेव्हा त्यांच्याजवळ गोणपाटात बांधलेलं काहीतरी लांबट होतं. आई फार भांडली, घरात दाणा नाही आणि हे काय आणलं. वडील म्हणाले, कमळाचे कांदे खणायला पहार आहे. ते त्यांनी वर आढ्याला खोचून ठेवलं. काही दिवसांनी तिथं ते नव्हतं. त्या पहारीनं कांदे खणलेले सायत्राबाईंनी कधी पाहिले नाहीत. इतकी वर्षं त्यांना ते आठवलंही नव्हतं. सर गावोगाव विचारत फिरताहेत हे ऐकलं आणि आठवलं.

दुसरंही आठवलं होतं. दर उन्हाळ्यात तलाव आटला की वडील पाळेवर एका ठरलेल्या जागी जाऊन बसत. शेतात टाकायला गाळ न्यायला लोक बैलगाड्या घेऊन येत, त्यांना ते म्हणत, तिकडचा घ्या, तिकडचा गाळ चांगला आहे. तिकडं दलदल होती, गाडी जात नसे. लोक आपले अलीकडचाच गाळ नेत. वडील संध्याकाळपर्यंत बसून राहत आणि घरी येत. सायत्राबाईंना वाटे, ते आपल्या संगिनीची राखण करतात.

सरांच्या हातातला लाल पेन उत्तरपत्रिकेवर टेकलेला तसाच राहिला होता आणि तिथं मोठा ठिपका पडला होता. माझ्याही लक्षात आलं. कामठीची ती संगीन त्यांनीच तिथं टाकली होती, त्यांना स्वतःला ती कधीही काढता आली असती. पण त्यांनी काढून काय झालं असतं? ती दुसऱ्या कुणाला तरी सापडायला हवी होती. त्यासाठी ते म्हातारे होईपर्यंत बसले.

"म्हंजे माया बा खोटा होता," सायत्राबाई म्हणाल्या. रडत नव्हत्या. भाव ठरवताना बोलतात तशा बोलल्या.

सरांनी चष्मा काढून हातात धरला. "बेचाळीसात काय झालं ते ही संगीन सांगत नाई, बाई. खोटं बोलनारा मानूस असं करन. आनं खऱ्या मानसाचं कोनी आयकलं नाई, त तोही असं करन. या लोखंडावरून मले येवढंच सांगता येते, का आपलं कोनी खरं मानावं असं त्यांले लय वाटे."

सायत्राबाईंनी मान हलवली. मग त्यांनी पहिल्यांदा सरांच्या तोंडाकडं पाहिलं. "तुमी त्या वक्ताले असते, त तुमी मानलं असतं का?"

मला मनातून फार वाटलं, यांनी आता हो म्हणावं. एवढ्या एका दुपारी म्हणावं.

"नाई," सर म्हणाले. "मानलं नसतं. पन रोज येऊन आयकलं असतं. शिपाई कोनता, पट्टा कोनत्या झाडाले होता, संगीन म्यानात होती का बाहेर, रानातून येताना ते कुठी लपवली, सारं इचारलं असतं. रोज."

सायत्राबाई उठल्या. चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली. फाटकापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या.

"मंग माया बा कामठीले गेलाच नसता," म्हणाल्या.